खुर्चीवर बसून सोनं

८ ऑगस्ट
दुकानात उठताना भिंत धरली. डावा पाय बधिर. बावीस वर्षं माहेरच्या दुकानात जमिनीवर मांडी घालून, मान खाली, डोळे सोन्याच्या सांध्यावर, डाख देताना. सांगलीच्या डॉक्टरनी एक्स-रे बघितला. मणक्यात गॅप. म्हणाले, काम सोडा. मी विचारलं, काम वर उचलून आणलं तर? त्यांनी एक्स-रे परत उजेडाला धरला. "मग चालेल. पण पाठीला टेका पायजे."

१० ऑगस्ट
दादाला सांगितलं. थोरला भाऊ, वडील आप्पा थकल्यापासनं गल्ला त्याच्याकडं.
"खुर्चीवर बसून सोनं घडवणार? आप्पांनी पन्नास वर्षं मांडी मोडली न्हाई."
"व्हय. आन आता त्यांना उठवाय दोघं लागत्यात."
तो गल्ल्याकडं वळला. मी परत पाटावर बसले.

११ ऑगस्ट
रशीदभाई सुताराकडं. खुर्चीवर बसून दाखवलं. टेबल छातीपर्यंत, कोपरं वर टेकली पायजेत. पुढं अर्धगोल खाच, म्हणजे अंग आत जातं. खाली सोन्याचा कीस झेलायला कातडं.
"एवढं उंच? जेवायचं हाय का लपायचं, ताई?"
सांगितलं, मान ताठ ठेवायची हाय. मग हसले नाहीत. दोनदा माप घेतलं.

१९ ऑगस्ट
टेबल आलं. दादा गावाला गेलेला, तेवढ्यात मांडून घेतलं. पहिल्या दिवशी हात परका वाटला, एक कडी वाकडी गेली. दुपारनंतर जमलं. वस्तू डोळ्यासमोर, मी तिच्याकडं वाकायचं नाही. लय बरं वाटलं. रडू आलं, कुणाला दाखवलं नाही.

२४ ऑगस्ट
सकाळी दुकान उघडलं तर टेबल मागच्या पत्र्याखाली. माझा जुना पाट जागेवर, पुसून ठेवलेला.
दादा म्हणाला, "गिऱ्हाइकं हसत्यात."
कोण हसलं, नाव सांग म्हटलं. तो वजनं पुसाय लागला.
कानशी, चिमटे, फुंकणी फडक्यात बांधली. रशीदभाईंना टेंपो घेऊन बोलावलं.
"घराण्याचं काम बाहेर नेतीस?"
"घराण्याचं न्हाई. माज्या हाताचं."

२७ ऑगस्ट
टेबल आमच्या पुढच्या खोलीत. ह्यांनी जागा करायला गाडी बाहेर लावली. काम नाही. दादानं पेठेत सांगितलंय म्हणे, ती काम सोडून बसली. बसलेय खरी, पण काम धरून. शेजारच्या वहिनींची जोडवी सारखी करून दिली. गावात दुसरी बाई कारागीर नाही, कळेल सगळ्यांना.
मंगळसूत्राच्या दोन ऑर्डरी दुकानात अर्ध्या राहिल्यात. वाट्या मी घडवलेल्या. त्याचं वाईट वाटतं. जाणार नाही.

३० ऑगस्ट
दुपारी आप्पा आले, रिक्षातनं. दादानं पाठवलं, हे दिसतंच होतं.
"बोलावलंय तुला. पाटावर."
"न्हाई येत, आप्पा."
त्यांनी टेबलावरनं हात फिरवला. खाचेच्या कडेवर थांबले.
"उंची कुनी काडली?"
"मी."
"खुर्ची दे."
मी आणि रिक्षावाल्यानं बसवलं. कोपरं टेकवली. चिमटा मागितला. वाकायची सवय लागलेली मान हळूहळू वर आली.
"दोन बोटं कमी पायजे हुतं," म्हणाले.
तुमच्या मापानं का माझ्या, विचारलं. त्यांनी कोपरं परत टेकवून बघितली.
दादाचा फोन दोनदा येऊन गेला. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवतोय. आप्पा उठायचं नाव काढत नाहीत. मी चहा टाकलाय.