वाळवीनं न खाल्लेली पानं

सर,

परवा तुमच्या टेबलाचा खालचा खण उघडला आणि मी तिथंच फरशीवर बसले. तुम्ही गेल्यापासून तो खण बंदच होता. किल्ली कुणाकडे नव्हती आणि उघडायची गरजही कुणाला पडली नव्हती. यंदा वाचनालयाच्या उन्हाळी शिबिराला मुलं जास्त आली, चित्रांचे कागद ठेवायला जागा पुरेना, म्हणून मी सुताराला बोलावलं. त्यानं पटाशी घालून खण ओढला. आत डिंकाची बाटली, डिंक वाळून दगड झालेला, आणि एक जाड पाकीट. पाकिटावर तुमचं अक्षर, जे मी कुठंही ओळखीन: 'शेवटची पाने. मुलांना दाखवू नयेत.' आत अकरा गोष्टींच्या पुस्तकांची शेवटची पानं होती. पट्टी लावून, ब्लेडनं, सरळ रेषेत कापलेली. सर, तुम्ही? तुम्ही पुस्तकं कापलीत? सुतार विचारत होता, "मॅडम, बरं वाटत न्हाई का? पानी आनू?" आणि मी त्या सरळ कापांवरून बोट फिरवत होते.

मला तुमचे हात आठवत होते. मी अकरा वर्षांची, मे महिना, भोरच्या या वाचनालयात सतरंजीवर आम्ही वीसेक मुलं. पान उलटताना मी बोटाला थुंकी लावली. तुम्ही टेबलामागून बघितलंत. "ऊठ. नळावर जा, हात धू, आणि मग ये. पुस्तक तुझ्यानंतर आणखी कुणाला वाचायचंय." सगळी पोरं फिदीफिदी हसली आणि मी नळावर जाऊन हातांबरोबर तोंडही धुऊन आले, रडलेलं दिसू नये म्हणून. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला तुम्ही सगळ्यांसमोर कोपरा सरळ करायला लावायचात, तोही चार चार वेळा. आणि तेच तुम्ही, आम्ही घरी गेल्यावर, ब्लेड घेऊन बसत होतात.

आम्हाला तुम्ही वाळवी सांगितली होती. दर सुट्टीत एखाद्या मुलाच्या हातात पुस्तक ठेवून तुम्ही हळहळायचात, "शेवटची पानं वाळवीनं खाल्ली बघ. पुढं काय झालं असेल ते आता तूच लिहून आण." किती साळसूद चेहरा करत होतात! त्या वाळवीसाठी आम्ही चार मुली भर उन्हात कडुलिंबाचा पाला ओरबाडून आणायचो आणि कपाटात पसरायचो. तुम्ही वर म्हणायचात, "अजून थोडा आणा, वाळवी चिवट असते." सर, कमाल आहे तुमची. नसलेल्या वाळवीला आम्ही तीन उन्हाळे पाला घातला.

माझ्या वाट्याला आलेल्या गोष्टीत एक मुलगी धरण बघायला निघते आणि वाट चुकते, इथवरच पानं होती. मी दोन दिवस खपून शेवट लिहिला. तुम्ही तो सगळ्यांना वाचून दाखवलात आणि म्हणालात, "मूळ शेवटही याहून बरा नसेल." मग मोठ्यांच्या पुस्तकांचं काचेचं कपाट उघडलंत आणि म्हणालात, यातलं हवं ते घेत जा. घरी कुणी वाचणारं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी शिकले, आणि तुमच्याच खुर्चीत येऊन बसले. मुलाखतीतसुद्धा मी ऐटीत हीच हकिगत सांगितली होती. परवा त्या पाकिटात मूळ पानं आणि माझा शेवट एकाच टाचणीत सापडले. टाचणी गंजून कागदाला भोक पडलंय. मूळ शेवट फारच सुंदर आहे, सर. माझा अगदीच बाळबोध. आणि तुम्हाला ते माहीत होतं.

पण मला धक्का बसला तो एवढ्यावरून नाही. हसून सोडून दिलं असतं. या शिबिरात कामथडीहून एक मुलगी यायची, सहावीतून सातवीत गेलेली. आजोबा तिला एसटीनं आणायचे आणि ती वाचत असेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे. तशी वाचणारी पोर मी एवढ्या वर्षांत बघितली नाही. समारोपाला गोष्ट सांगायला मी तिलाच निवडलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिनं एक जुनं पुस्तक परत आणलं. मी घेताना शेवट उघडला, तर पानं गायब, आणि काप इतका सरळ की वाळवीचं नाव घ्यायची सोय नव्हती. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं. सगळ्यांसमोरच का, ते विचारू नका. तुमच्याकडूनच शिकले.

"म्या न्हाई कापली," ती म्हणाली. "पानं आदीच नव्हती. मला वाटलं, गोष्ट आशीच आसंल."

"देताना मी स्वतः बघितलं होतं," मी म्हणाले. "तेव्हा पानं होती."

आजोबा दारात आले होते. म्हणाले, "पुस्तकाला हात लावायच्या आदी हात धुती वो ही, मॅडम. ही न्हाई कापायची." मग माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "पर मॅडम म्हनत्यात देताना बघितलं, म्हंजी बघितलंच आसंल. शिकलेलं मानूस खोटं कशाला बोलंल? चल, मापी माग." ती रडली नाही. मान खाली घालून "चुकलं" म्हणाली, जे चुकलं नव्हतं ते. त्यानंतर ती आली नाही. समारोपाला दुसऱ्याच मुलानं गोष्ट सांगितली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

तिच्या त्या पुस्तकाची पानं पाकिटात सगळ्यात वर होती. ती जन्मायच्या कितीतरी आधी कापलेली. मला तुमचा एवढा संताप आला की तुम्ही समोर असतात तर मी काय बोलले असते देव जाणे. तुम्हाला ती परत चिकटवायची होती का? म्हणून होता का तो डिंक? मग चिकटवली का नाहीत? आणि नव्हती चिकटवायची, तर कुणाला एका शब्दानं सांगून तरी ठेवायचं होतंत. तुम्ही काय एका रात्रीत गेला नाहीत, सहा महिने अंथरुणावर होतात. मी दर रविवारी येत होते. आपण काय काय बोललो, आणि हे नाही.

काल मी ती पानं घेऊन कामथडीला गेले. आजोबा अंगणात कांदे निवडत होते, ती शेजारी बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की आमच्या सरांनी फार पूर्वी ही पानं कापून ठेवली होती, मुलांनी शेवट लिहावा म्हणून. तुझी काही चूक नव्हती, मला माफ कर. आजोबांनी हातातला कांदा खाली ठेवला. मग म्हणाले, "म्या हिला पंधरा दिस खोटारडी म्हनलो की वो, मॅडम." त्यांचे डोळे भरून आले होते. तिनं पानं घेतली, पण वाचली नाहीत. माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "मग देताना तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

"चष्मा नव्हता गं त्या दिवशी," मी म्हणाले.

"व्हतंय आसं," आजोबा लगेच म्हणाले आणि तिला चहा टाकायला सांगितलं. ती उठली, पण जाताना एकदा वळून बघितलंच. चहा पिताना मी तुमच्याबद्दलच बोलत राहिले. तुमची शिस्त, तुमचं ब्लेड, तुमची वाळवी. सगळं तुमच्यावर ढकलणं फार सोपं गेलं, तुम्ही काही बोलणार नव्हतात.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचं तर पत्ताच नाही. म्हणून इथं लिहिते. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता, सर. त्या दिवशी तिची एसटी सुटायला आली होती, मी घाईत होते, आणि पुस्तक मी उघडलंच नव्हतं.