उंच चौकट

मंगळवार, जेवणं उरकल्यावर

तर सगळ्यात आधी आली ती भोंगाबाई. ट्रक अजून वळणावर होता तेव्हाच तिचा आवाज किनाऱ्यावर पोचला. मागून तिची माणसं उतरली, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या निळ्या टोप्या, जशी काही एकाच आईची लेकरं. आणि उतरल्याबरोबर काय केलं असेल? चिखलात गोल करून उभी राहिली आणि गायला लागली! इथे आमच्या डोक्यावर छप्पर नाही आणि ह्यांचं गाणं. मी म्हटलं, झालं, आता हीच एक कमी होती.

बघ, आशीर्वाद लिहायचा राहिलाच. लंबू, तुला आशीर्वाद, तुझ्या बायकोला आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तू कसा आहेस ते विचारत नाही, विचारून तू सांगतोस कुठे. आणखी एका जिवाला आशीर्वाद द्यायचाय, पण त्यावर मागाहून येते. तो विषय काढला की मला राग येतो, आणि राग आला की माझी अक्षरं ओळ सोडून खाली घसरतात. आधीच माझं अक्षर म्हणजे काय सांगायचं.

हे पत्र मासे घेऊन तुझ्या शहरात येणाऱ्या बर्फाच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. फोन करत नाही. फोन तू मधेच ठेवतोस. कागद ठेवलास तर ठेव, तो टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

तर ही निळ्या टोप्यांची माणसं चर्चची. वादळाने पाडलेली घरं उभी करत गावोगाव फिरतात. भोंगाबाई त्यांची पुढारी, रविवारी चर्चमध्ये उपदेश करते म्हणे, म्हणून आवाज तसा. एक आहे दातांचा डॉक्टर. आपला दवाखाना बंद करून इथे सुतारकाम करायला आलाय. मोडक्या फळीतला खिळा असा हळूच हलवून हलवून काढतो, की मला वाटतं आता फळीला म्हणेल, चूळ भरा. आम्ही त्याला दातवालाच म्हणतो. त्याला कळलंय. हसतो.

जेवायच्या आधी सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात. पहिल्याच दिवशी डोळे उघडून बघतात तर पावाची पिशवी कुत्र्याने पळवलेली! तेव्हापासून मी काठी घेऊन उभी राहते. भोंगाबाई म्हणते, "आजी, तुम्ही प्रार्थना केली नाहीत तरी चालेल, पण आमची प्रार्थना तुमच्याशिवाय होत नाही."

शेजारची शिवणवाली माझ्या कानाशी लागली होती, "सांभाळून हो. हे आधी छप्पर देतात, मग देव देतात." मला असलं पोटात ठेवता येत नाही. मी सरळ जाऊन विचारलं, "बाई, घर झाल्यावर मला तुमचा देव घ्यावा लागेल का?" ती शिडीवर होती. म्हणाली, "आजी, आधी ही खिळ्यांची डबी घ्या, माझे हात भरलेत." मी डबी घेतली. पुढे तो विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

पण भांडण झालंच एकदा. त्यांच्यातला एक टोपीवाला, मनाने चांगला, मला म्हणाला, "आजी, तुम्हाला देवाने वाचवलं." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग दळणवालीने देवाचं काय घोडं मारलं होतं?" दळणवाली गेली रे. तुला माहीत नसेल. आम्ही सगळे बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर पळालो, आणि ती गिरणीला कुलूप घालायला मागे फिरली. तेवढंच. शाळेतून येताना तुला बोलावून तुझ्या तोंडाला पीठ फासायची, आठवतं का? तुला कळवायला हवं होतं, पण कळवायचं कुणाला? मी त्या टोपीवाल्याला नाही नाही ते बोलले. भोंगाबाईने त्याला कामाला पिटाळलं आणि माझ्याजवळ खाली बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करत राहिली. हिला गप्प बसता येतं हे त्या दिवशी सगळ्या वस्तीला कळलं.

आता तुझ्याकडे वळते.

वादळ झाल्यावर तू गाडीवाल्याला फोन करून काय विचारलंस? "दोघं आहेत ना?" अरे, दोघं आहेत ना! आम्ही काय बर्फाच्या लाद्या आहोत, पोचल्या की विरघळल्या विचारायला? तो म्हणाला, "आहेत." तू म्हणालास, "बरं." आणि ठेवलास. मग त्याच्याबरोबर कांबळी पाठवलीस आणि बिस्किटांचा डबा. कांबळी मी शिवणवालीला दिली. बिस्किटं खाल्ली, खोटं कशाला बोलू, पण रागाने खाल्ली.

आणि त्याच गाडीवाल्याने, मी पाण्याच्या रांगेत उभी असताना, सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, नातीचं नाव काय ठेवलं?"

मी म्हटलं, "कुणाच्या नातीचं?"

"तुमच्या की!"

बादली सुटली हातातून. अख्ख्या रांगेचे पाय भिजले. मी हसले, मी रडले, मी शिवणवालीला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. आणि मग तुझ्या नावाने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो ऐकून भोंगाबाई धावत आली, तिला वाटलं पाण्यावरून मारामारी लागली. मी ओरडले, "बाई, मी आजी झाले!" ती म्हणाली, "अभिनंदन!" मी म्हटलं, "कसलं अभिनंदन! मला बर्फवाल्याकडून कळलं!"

अरे, मासे घेऊन जाणाऱ्या माणसाने माझी नात बघितली आणि मी नाही बघितली? तो सांगतो, उताणी पडून पाय झाडत होती, पाय असे लांबलचक. मी त्याला तीनतीनदा विचारलं. केस आहेत का? रडते कशी? मुठी घट्ट आवळते का? बिचारा म्हणाला, "काकू, मी कांबळ्यांचं भाडं विचारायला गेलो होतो, मुठी कोण बघतं!" कामाच्या गोष्टी पुरुषांना दिसतच नाहीत. त्या दिवसापासून मी गात फिरतेय. निळ्या टोप्यांची गाणी आहेत, शब्द येत नाहीत, चाल येते. आनंद एवढा झालाय की झोप लागत नाही, आणि राग एवढा आलाय की जेवण दुप्पट जातंय.

तिला आशीर्वाद. घसरली बघ अक्षरं.

तुझ्या बाबांबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण आता घसरलंच आहे तर घसरू दे.

निळ्या टोप्या आल्या तेव्हापासून ते पालथ्या होडीवर आमच्याकडे पाठ करून बसलेले. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या होड्या बांधल्या, स्वतःचं घर स्वतःच्या हाताने उभं केलं, त्याचं घर दातांचा डॉक्टर बांधतोय. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "नको." अर्ध्या तासाने गार चहा प्यायले. तुमच्या घराण्याची रीतच आहे ती.

मग चौकटीचा दिवस आला. ह्या लोकांकडे चौकटी तयार येतात ट्रकमधून, सगळ्या घरांना एकाच मापाच्या. आपल्याकडे दार बुटकं ठेवतात, वारा कमी घुसावा म्हणून, हे त्यांना काय ठाऊक. तेव्हा कुठे तुझे बाबा उठून आले आणि म्हणाले, "ही उंच आहे. कापा."

मी म्हटलं, "कापू नका. उलट आणखी उंच करा."

"कुणासाठी?" म्हणाले.

दातवाला करवत हातात धरून एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्यांच्याकडे.

तुला वेगळं सांगायला नको. शहरात जायचं की होडीच्या कामाला बसायचं, यावरून तुमची दोघांची आधीच जुंपलेली. त्यात तू आत येताना जुन्या बुटक्या चौकटीवर कपाळ आपटलंस, आणि कपाळ चोळत ओरडलास, "या घरात माणसाला ताठ उभंसुद्धा राहता येत नाही!" ते म्हणाले, "मग ताठ उभं राहता येईल तिथे जा. या चौकटीतून परत आत यायचं नाही." तू म्हणालास, "नाही येणार." आणि दोघांनी शब्द पाळला. वा रे मर्द! लग्न केलंस, कळवलं नाहीस. पोर झाली, कळवलं नाहीस. ह्यांनी तुझं नाव घेतलं नाही. शब्द पाळायला तुम्ही दोघं, आणि तुमच्या मधे भिंतीसारखी मी. त्या भिंतीला कुणी विचारलं का, बाई, तुला काय वाटतं म्हणून?

दातवाला शेवटी हळूच म्हणाला, "आजोबा, किती कापू?"

हे चौकटीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता कपाळाशी हात धरून दाखवतील. ह्यांनी हात वर नेला. चौकटीच्या वरच्या लाकडाला लागला, तरी थांबले नाहीत. पायाखाली वीट घेतली, तिच्यावर चढले, हात लाकडाच्याही वर काढला आणि म्हणाले, "इतकी पाहिजे."

दातवाला म्हणाला, "एवढं उंच कोण आहे तुमच्याकडे?"

"आहे एक," म्हणाले.

मी तिथे थांबलेच नाही. कुत्र्याला हाकलायचं निमित्त करून मागे गेले. कुत्रा तिथे नव्हताच.

त्यांच्या चौकटीचं लाकूड पुरेना. तेव्हा ह्यांनी वादळात फुटलेल्या आपल्या होडीच्या फळ्या काढल्या. मला ओरडले, "पटाशी कुठे ठेवलीस?" त्या ओरडण्याने मला इतकं बरं वाटलं! होडीला घालतात तसा सांधा घालून दोन्ही खांब वाढवले. खाली त्यांचं पांढरं लाकूड, वर आपलं काळं. दातवाला जवळ बसून धरू लागत होता आणि शिकत होता. हे त्याच्यावर खेकसत होते, म्हणजे आवडला होता. मीही सोडलं नाही. म्हटलं, "अहो, वारा घुसेल की."

"घुसू दे," म्हणाले.

आता सगळी वस्ती हसते. माझ्यासारखी एवढीशी बाई आणि एवढं थोरलं दार! शिवणवाली म्हणते, "काय हो, उंट पाळताय का?" मी म्हणते, "हो. एक आहे, पळून गेलेला."

तर नीट वाच आता. ज्या चौकटीतून यायचं नाही असं तुमचं ठरलं होतं, ती चौकट समुद्राने नेली. उंबरठ्याचं लाकूडसुद्धा सापडलं नाही. ही चौकट दुसरी आहे, हिच्यावरून कुणी काही बोललेलं नाही. त्यांच्या तोंडून "ये" निघणार नाही, ते माझ्याकडून लिहून घे. त्यांना काय म्हणायचं होतं ते ते विटेवर चढून म्हणाले. तुला अजून काय पाहिजे? गळ्यात हार?

निळ्या टोप्या सध्या पुढच्या गावाला गेल्यात. आपल्या मापाचं दार त्यांच्याकडे तयार मिळत नाही, मुद्दाम बनवून आणणार आहेत. भोंगाबाई जाताना म्हणाली, "आजी, दार लावायच्या दिवशी तो उंच माणूस बघायचाय मला." मी "हो" म्हणून बसलेय. माझी जीभ, मी तरी काय करू. ह्यांनी ऐकलं. खांबावरच्या सांध्यावरून अंगठा फिरवत राहिले.

तोवर चौकटीला दार नाही. गोणपाट लावलंय. तो पावचोर कुत्रा खुशाल आतबाहेर करतो. कुत्र्याला येता येतं रे, लंबू.

येताना बायकोला आण. पोरीला गुंडाळून आण, वारा फार आहे. बिस्किटं आणू नकोस. आणि आत येताना सवयीने मान खाली घालशील, ती घालू नकोस. ते बघत असतील.

तुझ्यावर रागावलेली,
तुझ्या मुलीची आजी

ता. क. दार घेऊन ती माणसं पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी येणार आहेत, सकाळी.