सातवं मडकं

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे. माझं पोट तेवढं काबूत नाही. तू घरातसुद्धा अजून चिठ्ठ्या लिहूनच बोलतोस, असं वहिनींनी कळवलं.

तू पाळक होतास त्या चर्चच्या दुरुस्तीचं काम मला मिळालं. नवे पाळक हौशी. म्हणाले, "मागे रंगीत काच बसवू या." मी म्हटलं, "साहेब, आपल्याकडे देव डोळ्यांनी नाही, कानांनी आत येतो. म्हणून तर मधोमध वेदी नाही, व्यासपीठ आहे. ही सगळी इमारत म्हणजे एक कान. कानात काच कोण घालतं?" हसले बिचारे. बाबांचं वाक्य मी माझं म्हणून खपवलं, हे त्यांना काय ठाऊक.

मी जागा टाळी वाजवून तपासतो. व्यासपीठावरून वाजवली. परत आलीच नाही.

यायची कुठून? व्यासपीठामागच्या भिंतीत सात मडकी आहेत, तोंडं बाकांकडे. बोलणं त्यांत घुमून शेवटच्या बाकापर्यंत जातं. त्यांवर गिलावा होता. सुताराला शिडीवर चढवलं, एकेक तोंड मोकळं करून आत कोंबलेलं गोणपाट काढलं. सातव्यातलं निघालं आणि कोणीतरी म्हणालं, "कृपा कमवता येत नाही; ती तर..."

सुतार वरून म्हणाला, "शेठ, पुढं बोला की."

माझे ओठ मिटलेले होते, दादा. आवाज तुझा होता. तिशीतला.

पुन्हा टाळी वाजवली. टाळीच्या जागी तेच वाक्य, तिथंच तुटलेलं. सुतार हत्यारं टाकून गेला तो गेलाच.

गोणपाट कोणी कोंबलं, हे मी कोणाला विचारलं नाही. तो गिलावा माझ्याच थापीचा. मी विटा वाहून वर आलो, आणि तू दर रविवारी सांगायचास, कृपा कमवता येत नाही. मला झोंबायचं. महिनाभर तुझी जिरवावी, एवढंच मनात होतं. आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचेना, आणि चौथ्याच रविवारी तू वाक्य अर्धं टाकून खाली उतरलास. म्हणालास, देवानं माझा आवाज काढून घेतला. मी शेवटच्या बाकावर होतो. गप्प बसलो. बावीस वर्षं.

देवानं नव्हता घेतला.

आता टाळी न वाजवताही ऐकू येतं. पाळक म्हणतात, पुन्हा लिंपून टाका. माझा हात थापीकडे जात नाही. उरलेलं वाक्य भिंतीपाशी नाही, तुझ्यापाशी आहे. चिठ्ठीवर लिहून पाठवू नकोस. ये, आणि तिथं उभा राहून म्हण. मी त्याच बाकावर बसेन.

न कमावता तुझा भाऊ झालेला,
धाकटा