काळ्या भिंतीवरचं समोरचं नाव

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण तुम्हीच शिकवलंत ना, पत्राला मायना हवाच म्हणून? घ्या मायना!

काल तुमची तेरवी झाली. जेवणं आटोपल्यावर तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरापुढच्या छपरीत, त्या काळ्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढले. येत्या रविवारी ते तिच्यावर काच बसवायला येणार आहेत. सरांची आठवण जपायची म्हणे! ते ऐकल्यापासून माझं डोकं तडकलंय, म्हणून लिहायला बसले.

साऱ्या पंचक्रोशीत तुम्ही इंग्रजीचे मास्तर. शाळेतला फळा पुरेना, म्हणून घरच्या भिंतीला काळा रंग दिलात. दर रविवारी एक क्रियापद. आउटडू, आउटशाइन, आउटरन, आउटविट. कोणी पळण्यात मागे टाकलं तर आउटरन, डोक्याने मात केली तर आउटविट, तेजात फिकं पाडलं तर आउटशाइन. किती बारकाईने समजावून सांगायचात! आणि वाक्यात नावं मात्र खरीखुरी. जिंकलेल्याचं समोर, हरलेल्याचं मागे. मागच्याने ते वाक्य सगळ्यांसमोर दहा वेळा मोठ्याने वाचायचं, हा तुमचा नियम.

आपल्या घरात समोर मी आणि मागे मला 'बाई' म्हणणारी धाकटी शोभा. कायम!

'एक्सेल' हे क्रियापद तुम्ही कधीच का शिकवलं नाहीत हो? ते मला पुढे नोकरीत कळलं. एक्सेल करायला मागे कोणी लागत नाही, एकट्याने उत्तम ठरता येतं. असलं क्रियापद तुमच्या काय कामाचं!

तो मोहफुलांचा दिवस आठवतो? शोभा नववीत होती, मी अकरावीत. पहाटे दोघी रानात गेलो. माझी टोपली अर्धी होईस्तोवर तिने दोन भरल्या. घरी धावत आली, फ्रॉकला फुलांचा चिकट रस लागलेला.

"बाबा, आज माह्यं नाव समोर लिवा ना! बाईले मागं टाकलं मी."

तुम्ही पेपरातून मानसुद्धा वर केली नाहीत. "फुलं वेचाले इंग्रजी लागत नाई," म्हणालात.

आणि मी हसले, बाबा. तुमच्या मर्जीतली होते ना मी! ते हसू मला आजही छळतं, पण त्यातला अर्धा वाटा तुमचा आहे. तो मी तुम्हाला माफ करणार नाही.

पुढच्या वर्षी ती दहावीत नापास झाली आणि पुन्हा बसली नाही. तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत, काऊन बसत नाई गं पोरी? उलट मला बल्लारपूरला नोकरी लागली, तेव्हा खडू सोडून ऑइल पेंटचा डबा आणलात. 'रंजना सरपास्ड शोभा.' रंजनाने शोभाला मागे टाकलं. पांढऱ्या रंगात, पुसता येऊ नये म्हणून! पेढे वाटले गेले. शोभाने तेही वाक्य दहा वेळा वाचलं. तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं, तरी वाचायला लावलंत. लाज नाही वाटली?

मग तुम्हाला लकवा झाला. समोरचं नाव सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. मागचं नाव शेजारच्या गल्लीतून रोज दोन वेळा यायचं. तीन वर्षं! तुमचं अंग पुसलं, पेज भरवली, चादरी धुतल्या. खाट त्या भिंतीसमोरच होती. तुम्ही घास घेता घेता तेच वाक्य बघत होतात. एक हात तर चालत होता ना? मला एकदा तरी म्हणायचं होतंत, रंजना, ते खोड.

तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणून काल सगळे पांगल्यावर मीच ब्रश घेऊन उभी राहिले. शोभाचं नाव समोर लिहिणार होते. तिने मागून येऊन माझा हात धरला.

"कायले करून राह्यली बाई हे? माह्यं नाव समोर गेलं का तुह्यं मागं जाईन. मंग काय फरक पडला?"

"मग राहू देऊ? काच बसवू देऊ त्यांना?"

"बसवतीन ते. मंग ते काच पुसाले बी मलेच लागन."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, भांडी आवरता आवरता. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "शोभे, त्या दिवशी मी हसले होते." ती म्हणाली, "माहीत हाये. मी आयकलं होतं." एवढंच. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. तुमच्या घरात ते शब्द शिकवलेच कुठे होते कोणी!

तर आता ऐका. हे वचन समजा, नाहीतर धमकी समजा. रविवारी तुमचे विद्यार्थी काच घेऊन येतील, तेव्हा भिंत त्यांना सापडणार नाही. आज आम्ही तळ्याकाठची माती आणली आहे. उद्या दोघी मिळून ती भिंत शेणामातीने लिंपून टाकू, ऑइल पेंटचं एक टोकही दिसणार नाही इतकी जाड. मग रानात जाऊ. मोहफुलं पडू लागलीत. एकाच टोपलीत वेचू आणि त्याच छपरीत वाळत घालू.

आणखी एक क्रियापद तुम्ही कधी भिंतीवर घेतलं नाहीत. आउटलिव्ह. कोणाच्या मागे उरणं, कोणापेक्षा जास्त जगणं. त्याचं वाक्य आता मला येतं, बाबा. समोर दोन नावं आहेत आणि मागे तुमचं एकट्याचं.

ते मी कुठेही लिहिणार नाही. तुम्ही मात्र दहा वेळा वाचा.

शोभाची मोठी बहीण,
रंजना