पेटी परत खिडकीखाली

अहो,

मधमाश्यांची पेटी मी परत चिमीच्या खिडकीखाली ठेवली आहे. आता हात लावू नका. लेक घर सोडून गेली, त्या रागात तुम्ही पेटी उचलून पार मागच्या भिंतीला नेलीत. पण माश्यांना तुमचा राग कसा कळावा? बाहेर गेलेल्या सगळ्या जुन्याच जागी परतल्या आणि रात्रभर तिच्या खिडकीच्या चौकटीला पुंजका करून लटकल्या. मला बघवेना.

आता काही माश्या पेटीच्या दाराशी पोट वर करून पंख हलवत उभ्या आहेत. वास सोडून मागे राहिलेल्यांना घरी बोलावतात त्या. चिमीनेच शिकवलं होतं मला. तुम्हालाही सांगत होती, तुम्ही पेपर वाचत होतात.

तिच्या खोलीत कोंबलेली तुमची पोती मी बाहेर काढली आहेत. जेवण झाकून ठेवलंय. मी तिच्याकडे निघाले. येईल की नाही, देव जाणे.

पोचल्यावर तिला फोन लावायला लावीन. या वेळी वाजू देऊ नका, उचला. जास्त बोलू नका. नुसतं 'ये' म्हणा.