मॉस्कोचे पावणेसात

मेंढ्यांचा तळ, उलीताऊ
१४ ऑगस्ट १९८८

चि. नाझिपास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मेंढ्यांच्या औषधाच्या गाडीतून पोचलं. ओर्दाबेक दादाकडे ३ सप्टेंबरला व्याही येणार, त्यांना अंगणातून अंतराळस्थानक जाताना दाखवायचंय, तर वेळ कामशातला विचार म्हणाला ना? वा रे वा! बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला माझ्या मांडीवरची दुर्बीण उचलून, मेंढ्या राखणाऱ्या बाईला ही कशाला, म्हणणारा तो हाच. बाबांनी ती चार माणसांदेखत मला दिली होती. अकरा वर्षं छपरावर ते बघायचे आणि मी वेळ टिपायचे. दादा एकदाही वर चढला नाही. मान दुखते म्हणायचा.

वेळ देते. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, संध्याकाळी पावणेसात, पश्चिमेकडून. यात अक्षरही खोटं नाही. बाबा आकाशाच्या वेळा रेडिओप्रमाणे मॉस्कोच्या लिहायचे आणि आपलं घड्याळ तीन तास पुढे, एवढंच लिहिलेलं नाही. बापाशेजारी एक संध्याकाळ बसलेल्याला ते सांगावं लागत नाही. तू तोंड उघडलंस तर माझी शपथ आहे. आपल्याकडे या दिवसांत नऊपर्यंत ऊन असतं; भर उन्हात त्याची व्याह्यांसमोर जिरलेली मला आत्ताच दिसतेय आणि घास गोड लागतोय.

मुलांना पापे. माझ्यावरचा लोभ या उद्योगानंतरही राहू दे.

तुझी ताई,
कामशात


जेझकाझगान
५ सप्टेंबर १९८८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं उट्टं निघालं. ऐक. बेशबर्माकची ताटं उचलली आणि दादा कोट घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून सगळ्यांना अंगणात घेऊन आला. ऊन अजून ढळलेलंही नव्हतं. विहीणबाईंनी विचारलं की हे दिवसाढवळ्या दिसतं का, तर म्हणाला, दुर्बीण चांगली असली की सगळं दिसतं. वीस मिनिटं माना वर! एक घार गेली तेव्हा व्याह्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, हेच का ते. दादाचे कान लालभडक. मी रुमालात तोंड खुपसून हसत होते.

मग माझं लक्ष आईकडे गेलं. ती पुढच्या खुर्चीत, ऑपरेशन झालेला डोळा ताणून, पाणी गळत असताना तशीच वर बघत होती. डोळा उघडल्यापासून तिचं एकच चाललं होतं, की आपला नवरा इतकी वर्षं काय बघत होता ते त्याच्याच दुर्बिणीतून एकदा बघायचं. दादाने तिला शब्द दिला होता. हे तुला कळवायचं मला सुचलं नाही, ताई. माझंच चुकलं.

तेवढ्यात आई उठली आणि सुइंशी, सुइंशी म्हणून ओरडली. मला दिसलं, चमकत पूर्वेला गेलं, शुभवर्तमान मी आधी दिलं, आता मागेन ते द्या. सगळ्यांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तिने दुर्बीण मागितली. व्याह्यांसमोर सुइंशी कोण नाकारेल? दादाने ती गळ्यातून काढली.

पावणेदहाला स्थानक खरंच गेलं, ताई. काय लखलखीत! आई आत, डोळ्यावर ओली घडी ठेवून पडली होती. मला म्हणाली, छपरावर अकरा वर्षं चहा मी नेऊन दिला, तो दिवेलागणीनंतर. उन्हात बसल्यावर मला आठवलं. ओर्दाबेककडून घ्यायचं ते घेतलं, आता कामशातकडून काय घ्यायचं ते तिच्या दारात जाऊन सांगते. गुरुवारच्या गाडीने निघतेय. मी मध्ये पडणार नाही.

लोभ असावा, रागही माझ्या वाट्याचा मला दे.

तुझी,
नाझिपा


मेंढ्यांचा तळ
१० सप्टेंबर १९८८

चि. नाझिपास अनेक आशीर्वाद.

आई आली. दुर्बीण मांडीवर, डोळा अजून लाल. मी पाया पडले तर म्हणाली, पाया नंतर, आधी कागद घे. तिचं मागणं एवढंच, की दादाला मी स्वतः बोलवायचं आणि माझ्याशेजारी बसवून दाखवायचं. तो वर चढायचा नाही खरा, म्हणाली, पण तुम्ही बापलेकींनी तरी त्याला कधी हाक मारलीत? मला राग आला, आणि तसाच मी कागद घेतला.

सोबतची चिठ्ठी त्याला दे. १८ सप्टेंबर, रात्री सव्वानऊ, इथे तळावर. आपल्या घड्याळाप्रमाणे, असं खाली दोन रेघा मारून लिहिलंय. दुर्बिणीतून आधी आई बघेल, मग मी, आणि उरलं तर तो. तोपर्यंत मान वर करून बसावं. दुखली तर दुखू दे.

आमच्या घराण्यावर लोभ ठेव, दुसरं कोण ठेवणार.

तुझी ताई,
कामशात