पाटावरचं विमान

बाई,

पोरीची बॅग सकाळपासून पलंगावर उघडी पडली आहे. एका बाजूला पुस्तकं, दुसऱ्या बाजूला कारळाची चटणी, धपाट्यांचं पीठ आणि मी हट्टाने घेतलेली लोकरीची टोपी. पुढच्या आठवड्यात ती शिकायला जर्मनीला निघाली आहे. सारखी बॅगेला वजनकाटा अडकवून उचलते, दोन वस्तू काढते, एक परत भरते. ते बघताना तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण परदेशाची तयारी मला तुमच्याशिवाय कुणी शिकवली नाही. तुम्ही स्वतः विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आष्टीच्या शाळेत मी तुमच्या वर्गात, नववीत होते. जपानला महिनाभर जाणाऱ्या मुलांत माझी निवड झाली आणि माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त आनंद झाला. शाळा सुटली की तुमच्या स्वयंपाकघरात आपलं विमान उभं राहायचं. भिंतीला टेकून पाट, कमरेला नवारीची पट्टी, शेजारी खिडकी. तुम्ही मला काट्या-चमच्याने पिठलं-भाकरी खायला लावायचात; भाकरी काही त्या काट्याला दाद द्यायची नाही. "बॅग मांडीवरच धरायची," तुम्ही बजावायचात. "वर टाकायची न्हाई. जामखेड आलं की कुनीबी घेऊन उतरतं." मी विचारायचे, "बाई, विमान जामखेडला थांबतं का?" तुम्ही उलथनं उगारायचात, आणि मग आपण दोघी पोट धरून हसायचो.

मग तुम्ही म्हणता, "मीट डोळे. निघालं आता." स्टोव्हला पंप मारता, त्याचा आवाज घुमत जातो आणि पाट खरंच हलतो. मी वर जाते. खाली कडुलिंब, शाळेचे पत्रे, मग नुसता माळ, आणि माळावर आमची मेंढरं, सांडलेल्या ज्वारीएवढी. त्यांच्यात अण्णा उभे. मी वरून हाक मारते, पण माझा बाप मान वर करत नाही. तुम्ही विचारता, "काय दिसलं गं?" मी म्हणते, "ढग." बाई, तुमच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

दुसरं त्या संमतीच्या कागदाचं. त्यावर वडिलांची सही हवी होती. पोरगी परदेशात चालली आणि आपण अंगठा लावायचा, याची अण्णांना लाज वाटली. आठ दिवस माळावर काठीने मातीत नाव गिरवत होते. मेंढरं त्यावरून चालत जायची, ते परत काढायचे. शेवटी एका दुपारी दात-ओठ खाऊन त्यांनी कागदावर सही केली आणि तो माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "अण्णा, मला न्हाई जायचं." ते बघतच राहिले. "भ्या वाटतंय व्हय?" मी होकारार्थी मान डोलावली. "मग ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

मी कागद आणला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. "लेकीची वाट कावून अडवता?" अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "मीच न्हाई म्हनलं, बाई. एकुलती एक हाय. इतक्या लांब न्हाई धाडायची." तुम्ही त्यांना आडमुठे म्हणालात, आणखीही बरंच बोललात. मी दाराआड उभी होते आणि सही केलेला कागद माझ्या दप्तरात होता. पुढे कितीतरी वर्षं ते तुम्हाला बाजारात रामराम घालायचे आणि तुम्ही भाजीकडे बघत राहायचात.

आज दुपारी पोर सगळं टाकून पलंगावर बसली. म्हणाली, "आई, तुला निदान आजोबांनी अडवलं तरी. मला कुणी अडवत कसं नाही?" घरात मी आजवर तीच गोष्ट सांगत आले आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला काय हवंय ते मला कळलं. 'नको जाऊस' अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हटलं असतं तर ती राहिली असती, आणि आईने जाऊ दिलं नाही असं जन्मभर सांगत बसली असती. मी उठले, ट्रंकेतून तो कागद काढून तिच्या हातात दिला. ती बराच वेळ सहीकडे बघत होती. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं आहे.

"आजोबांनी तर हो म्हटलं होतं."

"हो. नाही मी म्हटलं होतं."

तिने कागदाची घडी घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आणि वजनकाटा परत बॅगेला अडकवला. चटणी राहिली, टोपी निघाली.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. एक मात्र पोरीलाही सांगितलेलं नाही. अण्णा गेले तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसून रडत होते. मागे बायका म्हणत होत्या, बापाने जाऊ दिलं नाही, तरी लेकीला केवढी माया. बाई, मी तेव्हाही गप्पच बसले.